शेपूट तेच, सोबती वेगळा

काचेच्या दोन कुप्या डोळ्यांसमोर आणा. दोन्हींत पाणी आहे आणि त्यात विरघळवलेलं एकच द्रव्य आहे: परफ्लुओरोऑक्टेनसल्फोनेट, म्हणजे जगाला आता बहुतेक वेळा वाईट बातम्यांतूनच ठाऊक असलेलं पीएफओएस. प्रमाणही सारखंच, समजा लिटरमागे ०.१ मोल. पहिली कुपी तिरपी केली की आतलं द्रावण पाण्यासारखं धावतं. दुसरी तिरपी केली की ते भेंडीच्या बुळबुळीत पाण्यासारखं ताणत, रेंगाळत खाली येतं. ती कुपी गोल फिरवून एकदम थांबवली तर आत अडकलेले बुडबुडे क्षणभर उलटे मागे सरकतात. आत कुणीतरी रबर ताणून धरलं होतं आणि ते सुटलं, असं वाटावं.

दोन्हींत फरक एकच आहे. पीएफओएस हा फ्लोरिनवाल्या शेपटाचा एक साबणच आहे. पहिल्या कुपीत त्याच्या जोडीला लिथियम आहे, दुसरीत टेट्राएथिलअमोनियम. (हा घरी करून बघायचा प्रयोग नाही. का, ते शेवटी येईलच.)

रसायनांच्या नावातला हा जोडीदार आपण वाचताना सहसा ओलांडून जातो. सोडियम अमुक, पोटॅशियम तमुक, अमोनियम आणखी काही. खरं काम त्या ‘अमुक’चं, पुढे लागलेला धातू म्हणजे नुसता भार जुळवायला आणलेला, असा आपला समज. लग्नात नवरीच्या मागे करवली उभी असते. प्रत्येक फोटोत ती दिसते, पण तिचं नाव कुणी विचारत नाही. रसायनशास्त्रात तिला प्रतिआयन म्हणतात, म्हणजे विरुद्ध भाराचा जोडीदार. फ्लोरिनवाल्या साबणांच्या बाबतीत मात्र मांडव गोल घालायचा, लांब घालायचा की चपटा, हे बऱ्याचदा ही करवलीच ठरवते.

आधी साबण म्हणजे काय ते पाहू. साबणाच्या रेणूला एक डोकं आणि एक शेपूट असतं. डोक्यावर विद्युतभार असतो आणि त्याला पाणी आवडतं. शेपूट कार्बनची साखळी असते, तिला पाण्याचं वावडं. अशा द्रव्यांना सर्फॅक्टंट म्हणतात. पाण्यात ती थोडी टाकली तर रेणू एकेकटे फिरतात किंवा पृष्ठभागावर शेपूट हवेत काढून उभे राहतात. प्रमाण वाढवत नेलं की एका ठरावीक टप्प्यानंतर ते आपसात जमून घोळका करतात: शेपटं आत, डोकी बाहेर. हा घोळका म्हणजे मिसेल. ज्या संहतीला हे घोळके बनायला लागतात, तिला प्रयोगशाळेत सगळे सीएमसी (क्रिटिकल मिसेल कॉन्सन्ट्रेशन) म्हणतात. शांपूत आणि टूथपेस्टमध्ये असणाऱ्या सोडियम डोडेसिल सल्फेटची सीएमसी खोलीच्या तापमानाला लिटरमागे साधारण ८ मिलिमोल असते आणि त्याच्या एका मिसेलमध्ये साठेक रेणू असतात.

साबणाच्या द्रावणात असे घोळके असावेत, ही कल्पना जेम्स मॅकबेन यांनी १९१३ मध्ये मांडली. लंडनच्या एका सभेत त्यांनी ती सांगितली तेव्हा अध्यक्षांनी ‘काहीतरीच बोलता’ अशा शब्दांत ती उडवून लावली, असा किस्सा या क्षेत्रात अजून सांगतात. हे मॅकबेन आपल्याला वाटतात तितके परके नाहीत. पुण्यात पाषाण रस्त्यावर जी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, तिचे पहिले संचालक हेच. जानेवारी १९५० मध्ये नेहरूंच्या हस्ते ती सुरू झाली तेव्हा सत्तरीला टेकलेले मॅकबेन तिथे होते.

घोळका असतो हे मान्य झालं, पण त्याचा आकार कसा, यावर पुढे बरीच वर्षं वाद झाला. इंग्लंडच्या हार्टली यांनी १९३६ मध्ये गोल मिसेलचं चित्र मांडलं: मधे शेपटांचा तेलकट गोळा, वर डोक्यांची साल आणि भोवती प्रतिआयनांचा ढग. पाठ्यपुस्तकात आपण पाहतो ते हेच. मॅकबेन यांना मात्र लहान गोल घोळक्यांबरोबर चपटे, पापुद्र्यासारखे मोठे घोळकेही असावेत असं वाटत होतं. आज मागे वळून पाहिलं तर दोघांच्याही पदरात काहीतरी पडतं. कोणता साबण आणि कोणता प्रतिआयन, यावर कोण बरोबर ते ठरतं.

प्रतिआयनाचा प्रताप पाहायला फ्लोरिनपर्यंत जायचीही गरज नाही. तोच मेदाम्लाचा साबण सोडियमबरोबर केला तर कडक वडी होते, पोटॅशियमबरोबर केला तर मऊ, लोण्यासारखा होतो. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरट किटण बसतं, कारण पाण्यातलं कॅल्शियम सोडियमला ढकलून त्याची जागा घेतं आणि कॅल्शियमचा साबण पाण्यात विरघळत नाही. बायोटेकच्या प्रयोगशाळेत बॅक्टेरियातून प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएची छोटी कडी, काढताना पोटॅशियम असलेलं तिसरं द्रावण घातलं की नळीत दह्यासारखा पांढरा साका येतो. तो मुख्यतः डोडेसिल सल्फेटच असतो. सोडियमबरोबर मजेत विरघळलेलं, पोटॅशियम समोर येताच बाहेर पडलेलं. दोन्ही धातूंच्या आयनांवर भार तेवढाच, एक धन. बदलला तो फक्त सोबती.

मिसेलच्या बाबतीत या सोबत्याचं काम काय? डोकी सगळी ऋणभाराची असतील तर ती शेजारी शेजारी बसायला तयार नसतात, एकमेकांना ढकलतात. शेपटं आत ओढतात, डोकी बाहेर रेटतात. या ओढाताणीत प्रतिआयन मध्यस्थी करतात. मिसेलभोवतीचे बरेचसे प्रतिआयन, सर्वसाधारणपणे निम्म्याहून अधिक, पृष्ठभागालगत घोटाळत राहतात आणि भाराची धार बोथट करतात. जो प्रतिआयन डोक्यांच्या जास्त जवळ येऊ शकतो, तो ही धार जास्त बोथट करतो. मग डोकी दाटीवाटीनं बसू शकतात, म्हणजे दर डोक्याला लागणारी जागा कमी होते. या एका वाक्यात बाकीचा लेख आहे. पण ‘जागा’ म्हणजे किती, आणि ती कमी झाल्यानं आकार का बदलावा, हे पाहिल्याशिवाय फ्लोरिनचं वेगळेपण कळणार नाही.

गाजरांचं उदाहरण घेऊ. गाजर एका टोकाला जाड, दुसऱ्याला निमुळतं. बरीच गाजरं निमुळती टोकं आत करून रचली की आपोआप गोळा होतो. उसाच्या कांड्या सगळीकडे सारख्याच जाड. त्या उभ्या रचल्या तर गोळा होत नाही, सपाट थर होतो. गाजर आणि ऊस यांच्या मधलं काही असेल तर लांबट दंडगोल. साबणाचा रेणू गाजरासारखा वागणार की उसासारखा, हे डोक्याला लागणारी जागा आणि शेपटाची जाडी यांच्या गुणोत्तरावर ठरतं. १९७६ मध्ये इस्रायलाश्विली, मिचेल आणि निनहॅम यांनी हा हिशेब मांडला. डोक्याची जागा शेपटाच्या छेदाच्या तिप्पट किंवा जास्त असेल तर गोळा, दुप्पट ते तिप्पट असेल तर दंडगोल, दुपटीहून कमी असेल तर सपाटीकडे ओढा. हे ३, २ आणि १ आकाशातून पडलेले नाहीत. गोळ्याचं पृष्ठफळ भागिले घनफळ ३ भागिले त्रिज्या येतं, दंडगोलाचं २ भागिले त्रिज्या, आणि सपाट थराचं १ भागिले अर्धी जाडी. शाळेतलीच भूमिती.

आता आकडे घालू. नेहमीच्या साबणाच्या शेपटाचा छेद साधारण २१ चौरस अँगस्ट्रॉम असतो. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग. म्हणजे गोळा व्हायला दर डोक्यामागे ६३ चौरस अँगस्ट्रॉम जागा हवी, दंडगोल ४२ पर्यंत चालतो. शेपटावरचे सगळे हायड्रोजन काढून तिथे फ्लोरिन बसवला की चित्र बदलतं. फ्लोरिनचा अणू हायड्रोजनपेक्षा जाड असतो. एकेका कार्बनवर दोन दोन फ्लोरिन बसले की ते शेजारच्यांना खेटतात आणि गर्दी टाळण्यासाठी सगळी साखळी हलकासा पीळ घेते. नॉनस्टिक तव्यावरच्या टेफ्लॉनच्या साखळीत असतो तोच हा पीळ. या शेपटाचा छेद २८ चौरस अँगस्ट्रॉमच्या आसपास भरतो. वरचा हिशेब पुन्हा केला तर गोळ्यासाठी ८४ हवेत आणि दंडगोलाची खालची हद्द ५६.

हे ८४ फार महाग आहेत. फ्लोरिनवाल्या शेपटावरही डोकं तेच असतं: सल्फोनेट (पीएफओएसचं) किंवा कार्बोक्सिलेट (मेदाम्लाच्या साबणाचं). डोकं मोठं झालेलं नाही, जाड झालं आहे ते शेपूट. गाजराचा ऊस होत चालला आहे. एवढी ऐसपैस जागा डोक्यांना मिळवून द्यायची तर त्यांच्यातला रेटा भरपूर राहायला हवा, म्हणजे मध्यस्थी करणारा प्रतिआयन जरा लांबच थांबायला हवा. तो जवळ आला, रेटा कमी झाला, की गोळा टिकत नाही. नेहमीच्या साबणाचा मिसेल अंगणाच्या मधोमध उभा असतो, थोडं ढकललं तरी अंगणातच राहतो. फ्लोरिनचा मिसेल अंगणाच्या कडेला उभा आहे. म्हणून प्रतिआयनाचा एरवी किरकोळ वाटणारा धक्का इथे निर्णायक ठरतो. माझ्या मते या सगळ्या विषयाची गोम इथे आहे. प्रतिआयनाचे नियम फ्लोरिनसाठी वेगळे नाहीत, फक्त ते इथे लपून राहू शकत नाहीत.

शेपूट जाड असण्याबरोबर ताठही असतं. साध्या साबणाची शेपटं मिसेलच्या पोटात गांडुळांसारखी वळवळतात, कोपऱ्याकापऱ्यांत मावतात. फ्लोरिनची शेपटं काड्यांसारखी. काड्यांचा गोळा करणं किती अवघड असतं ते वेगळं सांगायला नको. आणि फ्लोरिनच्या शेपटाला पाण्याचा तिटकाराही जास्त. सोडियम ऑक्टॅनोएट हा आठ कार्बनचा साधा साबण आहे. त्याची सीएमसी लिटरमागे ४०० मिलिमोलच्या घरात. त्याच आठ कार्बनांच्या, पण फ्लोरिनवाल्या शेपटाच्या परफ्लुओरोऑक्टॅनोएटची साधारण ३०. इतक्या खाली यायला साध्या साबणाला बारा कार्बनचं शेपूट लागतं. म्हणून जाणकार ढोबळ हिशेब करतात की एक फ्लोरिनवाला कार्बन म्हणजे दीड साधा कार्बन.

आता सोबती बदलत जाऊ. आवर्तसारणीतला पहिला स्तंभ सरळ खाली उतरायचा: लिथियम, सोडियम, पोटॅशियम, सीझियम. आयनाची त्रिज्या ०.७६ अँगस्ट्रॉमपासून १.६७ पर्यंत वाढत जाते. पहिला अंदाज असा येतो की लिथियम सगळ्यात लहान, म्हणजे तोच डोक्याला सगळ्यात जास्त खेटेल. होतं उलट. लहान आयनावर भार एकवटलेला असतो, त्यामुळे पाण्याचे रेणू त्याला घट्ट धरून बसतात. पाण्याशी असलेलं लिथियमचं बंधन सीझियमच्या जवळपास दुप्पट ऊर्जेचं असतं. एवढ्याशा लिथियमनं पाण्याची गोधडी पांघरलेली असते आणि ती काढायला तो राजी नसतो. गोधडीसकट मोजलं तर तोच सगळ्यात मोठा. सीझियमच्या अंगावर जेमतेम उपरणं. वेळ आली तर ते बाजूला करून तो डोक्याला जाऊन भिडतो.

परफ्लुओरोऑक्टॅनोएटच्या द्रावणात सीझियम घातल्यावर काय होतं, याचं उत्तर लीड्स विद्यापीठात नेव्हिल बोडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये दिलं, आणि ते मॅकबेन यांना ऐकायला आवडलं असतं. तिथले मिसेल चकत्यांसारखे निघाले. मधे सपाट, कडेला गोलाई, रेवडीसारखे. या रेवड्या पुरेशा दाट झाल्या की सगळ्या एकाच दिशेला तोंड करून उभ्या राहतात, पण कोण कुठे उभी याला काही शिस्त नसते. द्रव असूनही दिशा असलेली ही अवस्था म्हणजे नेमॅटिक द्रवस्फटिक. मोबाइल आणि टीव्हीच्या पडद्यात असतात त्यांच्या कुळातली. साबण आणि पाणी एवढ्याच दोन घटकांत, संहती आणि तापमानाच्या इतक्या मोठ्या पट्ट्यात ती टिकून राहते, याचं तेव्हा फार नवल वाटलं आणि पुढे ही प्रणाली प्रयोगांची लाडकी झाली. अमोनियमच्या क्षारातही अशा चकत्या मिळतात. अमोनियमचा आयन पोटॅशियमहून किंचित मोठा, त्यामुळे यात आश्चर्य नाही. द्रावण तापवलं की चकत्या लहान होत जातात आणि शिस्त मोडते.

चकती का, थर का नाही? डोक्याची जागा कमी झाल्यावर रेणूंना सपाट बसायला आवडू लागतं, पण सपाट थराला कड येतेच आणि कडेला वळण घ्यावं लागतं. जी डोकी अजून जरा मोकळीक मागत आहेत ती कडेला जातात. म्हणजे एकाच मिसेलमध्ये दोन प्रकारची वस्ती: मध्यभागी दाट पेठ, कडेला ऐसपैस उपनगर.

इथे एक मेख आहे आणि ती मला फार आवडते. ‘लिथियम लांब राहतो, सीझियम जवळ येतो’ हा नियम सल्फेट डोक्यांना लागू पडतो. साध्या कार्बोक्सिलेट साबणांना तो सरळ लागू पडत नाही. तिथे सोडियमच डोक्याला जास्त चिकटतो, सीझियम कमी. त्याचं स्पष्टीकरण असं देतात की समान स्वभावाचे जमतात. साध्या कार्बोक्सिलेटच्या डोक्यावर भार एकवटलेला असतो, त्यालाही पाण्याची गोधडी असते. गोधडीवाल्याची गोधडीवाल्याशी जोडी जमते, उपरण्यावाल्याची उपरण्यावाल्याशी. सल्फेटचं डोकं मोठं, भार पसरलेला, म्हणून त्याचं सीझियमशी सूत जुळतं. मग परफ्लुओरोऑक्टॅनोएट हेही कार्बोक्सिलेटच असताना ते सीझियमच्या बाजूला कसं? कारण फ्लोरिन इलेक्ट्रॉनांचा हावरट आहे. शेपटावर बसलेले फ्लोरिन डोक्यावरचा ऋणभार आपल्याकडे ओढून विरळ करतात. याच कारणानं ॲसिटिक आम्ल सौम्य असतं, व्हिनेगर म्हणून जेवणात चालतं, आणि त्यातल्या तीन हायड्रोजनांच्या जागी फ्लोरिन आलेलं ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्ल कातडी जाळतं. शेपूट बदललं तर डोक्याचा स्वभाव बदलला आणि त्यासरशी सोबती निवडण्याची त्याची आवडही. हे चित्र पटण्यासारखं आहे. पण आयनांच्या या क्रमवारीचा शोध प्रागमध्ये हॉफमाइस्टर यांनी १८८८ मध्ये अंड्यातल्या पांढऱ्या बलकावर लावला आणि आजही प्रत्येक नव्या डोक्यासाठी ती तपासूनच पाहावी लागते, हेही लक्षात असू द्यावं.

आता दुसऱ्या कुपीकडे येऊ. टेट्राएथिलअमोनियम म्हणजे मधे नायट्रोजन आणि त्याला चार बाजूंनी दोन दोन कार्बनचे हात. लिथियमच्या मानानं हा अवाढव्य. एवढा ऐवज डोक्यांच्या आजूबाजूला आला तर डोकी लांब सरकायला हवीत, गोळे आणखी गोल व्हायला हवेत, असं वाटेल. प्रत्यक्षात लिथियमचे मिसेल गोलसर आणि टेट्राएथिलअमोनियमचे मिसेल लांबच लांब धाग्यांसारखे. शेवयांच्या वाटीत शेवया गुंतलेल्या असतात तसे हे धागे द्रावणात गुंततात, म्हणून ते ताणलं जातं आणि बुडबुडे मागे सरकतात. सीएमसीही बोलकी आहे: लिथियमबरोबर लिटरमागे ६ ते ७ मिलिमोल, टेट्राएथिलअमोनियमबरोबर सुमारे १.

याची किल्ली १९६७ च्या एका शोधनिबंधात सापडते. त्याचे पहिले लेखक पशुपती मुखर्जी, मूळचे बंगालचे, अमेरिकेत विस्कॉन्सिनला शिकवणारे. सीएमसीच्या हजारो नोंदी तपासून, गाळून त्यांचं प्रमाण मानलं जाणारं संकलन कॅरोल मायसेल्स यांच्याबरोबर १९७१ मध्ये काढणारे तेच. १९६७ च्या कामात त्यांनी साध्या डोडेसिल सल्फेटबरोबर प्रतिआयन बदलत नेले: लिथियम, सोडियम, मग मोठे अमोनियम. आणि दाखवलं की प्रतिआयन तीन वाटांनी काम करतो: त्याचा आकार, त्याच्यावरचं पाणी आणि त्याचा स्वतःचा तेलकटपणा. टेट्राएथिलअमोनियमचे चार हात तेलकट असतात. पाण्याला ते नकोसेच असतात. मिसेलचा पृष्ठभाग त्याला दोन कारणांनी खुणावतो: डोक्यांचा ऋणभार आणि डोक्यांच्या मागचा कोरडा आडोसा. तो डोक्यांच्या मधे शिरतो, तिथलं पाणी हुसकावतो आणि भाराची धार इतकी मोडतो की त्याच्या आकारानं अडणारी जागा त्यापुढे किरकोळ ठरते. लिथियम दारात उभं राहून नमस्कार करतो, हा घरात शिरून ओसरीवर बसतो.

म्हणजे जितका तेलकट तितका चांगला, असं मात्र नाही. हात लांब होत गेले की आयनाला स्वतःलाच जागा लागते. शिवाय साधं तेल आणि फ्लोरिनची साखळी यांचंही फारसं पटत नाही. मुखर्जी यांनीच १९७० च्या दशकात दाखवलं की साधा साबण आणि फ्लोरिनचा साबण एकत्र केले तरी त्यांचे मिसेल नीट मिसळत नाहीत, दोन वेगवेगळ्या पंक्ती बसू पाहतात. फ्लोरिनच्या शेपटाला पाणीही नको आणि तेलही नको. अशा घरात पाहुण्यानं ओसरीपर्यंतच यावं, माजघरात जाऊ नये.

हे सगळं दिसतं कसं? मिसेल काही नॅनोमीटरचे, साध्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याबाहेर. फ्लोरिननं इथे संशोधकांवर उपकार केले आहेत. निसर्गात फ्लोरिनचं एकच स्थिर समस्थानिक आहे आणि ते एनएमआर यंत्रात (चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या अणुकेंद्रांचे संकेत टिपणाऱ्या यंत्रात) जवळपास हायड्रोजनइतकंच स्पष्ट दिसतं. त्यामुळे फ्लोरिनच्या एनएमआरमध्ये शेपूट दिसतं आणि हायड्रोजनच्या एनएमआरमध्ये टेट्राएथिलअमोनियम. एकाच द्रावणात दोघांना वेगवेगळं ऐकता येतं, तबला आणि पेटी वेगळी ऐकावी तसं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस क्योटो विद्यापीठातल्या संशोधकांनी पीएफओएसच्या लिथियम आणि टेट्राएथिलअमोनियम क्षारांवर असंच काम केलं. आकारासाठी न्यूट्रॉन किंवा क्षकिरणांचं विकिरण वापरतात. चकती, गोळा आणि धागा, प्रत्येकाची विखुरण्याची लकब निराळी.

हा नुसता डोक्याचा व्यायाम नव्हता. फ्लोरिनचे सर्फॅक्टंट पाण्याचं पृष्ठताण ७२ वरून १५ ते २० मिलिन्यूटन प्रति मीटरपर्यंत खाली आणतात. साध्या साबणाची धाव तिशीपर्यंतच. म्हणून पेट्रोलच्या आगीवर पसरणारा फेस त्यांच्यापासून बनला. १९६० च्या दशकात अमेरिकी नौदलानं तो विकसित केला आणि १९६७ साली ‘फॉरेस्टल’ या विमानवाहू जहाजावर १३४ जण आगीत गेल्यानंतर त्याचा प्रसार झपाट्यानं झाला. टेफ्लॉन तयार करताना परफ्लुओरोऑक्टॅनोएटचा अमोनियम क्षार वापरायचे, यातही सोबत्याची निवड विचारपूर्वक होती. तापवल्यावर हा क्षार उडून जातो, मालात धातूचा अवशेष उरत नाही. सोडियमचा क्षार असता तर सोडियम तिथेच राहिला असता. क्रोम प्लेटिंगच्या टाकीतून उडणारे विषारी तुषार दाबायला पीएफओएसचा जो क्षार वापरात होता, तो आपल्या दुसऱ्या कुपीतलाच, टेट्राएथिलअमोनियमचा.

मग या द्रव्यांचा दुसरा चेहरा समोर आला. कार्बन आणि फ्लोरिनचा बंध निसर्गात सहजी तुटत नाही. ही द्रव्यं मातीत, पाण्यात, माणसाच्या रक्तात साठत राहतात. टिकाऊ प्रदूषकांवरच्या स्टॉकहोम करारात पीएफओएसवर २००९ मध्ये आणि पीएफओएवर (परफ्लुओरोऑक्टॅनोएट ज्याचा क्षार ते आम्ल) २०१९ मध्ये जागतिक बंधनं आली. अमेरिकेनं २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी प्रत्येकी लिटरमागे ४ नॅनोग्रॅम ही मर्यादा घातली. हा आकडा सीएमसीशेजारी ठेवून पाहा. सोडियम परफ्लुओरोऑक्टॅनोएटचे मिसेल व्हायला लिटरमागे साधारण १३ ग्रॅम लागतात, म्हणजे या मर्यादेच्या सव्वातीनशे कोटी पट. नळाच्या पाण्यात मिसेल, चकत्या, धागे यांचा प्रश्नच येत नाही. तिथे प्रत्येक रेणू एकटा आहे आणि कारखान्यातून निघताना सोबत असलेला अमोनियम की लिथियम केव्हाच पांगला आहे.

तरी सोबत्याची कथा तिथेही संपत नाही. नदीत त्याला नवे सोबती मिळतात, पाण्यात आधीच असलेले. नदीच्या गाळाचे कण बहुतांशी ऋणभाराचे, पीएफओएसही ऋणभाराचं, त्यामुळे दोघांनी एकमेकांपासून लांब राहायला हवं. पण पाण्यात कॅल्शियम असेल तर पीएफओएस गाळाला जास्त चिकटतं, हे प्रयोगांत दिसलं आहे. दोन धनभार असलेला कॅल्शियम गाळाचा भार झाकतो, एक हात गाळाला आणि एक पीएफओएसला देऊ शकतो. दूषित पाण्यातून बुडबुडे सोडून ही द्रव्यं फेसाबरोबर वर काढायची एक पद्धत आहे. तीत लहान शेपटाचे रेणू फेसात यायला कुरकुरतात, तेव्हा धनभाराचा एखादा सर्फॅक्टंट मुद्दाम घालतात. तोही एक प्रतिआयनच, लांब शेपटाचा. त्याचा हात धरून ते रेणू बुडबुड्यावर चढतात. बोअरच्या ज्या कॅल्शियमनं साबणाचा फेस मारला, तेच कॅल्शियम एका ठिकाणी पीएफओएसला गाळात अडकवून विहिरीकडे जाणारी त्याची वाट लांबवतं आणि दुसऱ्या ठिकाणी तोच गाळ वर्षानुवर्षं थोडं थोडं पीएफओएस सोडणारी तिजोरी होऊन बसतो.